गुरूची गायकी घ्या, गळा आपलाच ठेवा

गाण्याच्या क्लासला पहिल्या दिवशी 'कोणता राग शिकवणार?' असं विचारू नका. 'माझी पट्टी कोणती?', म्हणजे माझा सा कोणत्या सुरावर, एवढंच विचारा. मुंबईत जागेची टंचाई, त्यामुळे आठ-दहा जण एकाच पेटीवर गातात आणि पट्टी असते शिकवणाऱ्याची. बाई काळी चारला (पेटीची चौथी काळी कळ सा धरून) गात असतील, तर पुरुष विद्यार्थी वरच्या स्वरांना ओरडतो, नाही तर एक सप्तक खाली उतरून पुटपुटतो. त्याचा खरा आवाज ना त्याला ऐकू येतो, ना बाईंना.

पट्टी अशी काढा. तानपुऱ्याचं ॲप लावा. पुरुषांनी पांढरी एकपासून, बायकांनी काळी तीनपासून सुरुवात करावी. आकारात, म्हणजे नुसतं 'आ' म्हणत, सा लावून मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या प पर्यंत) उतरा, मग तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत) चढा. खाली पंचमाची नुसती हवा होत असेल तर पट्टी अर्धा स्वर वर घ्या. वर हनुवटी उचलली जात असेल तर अर्धा स्वर खाली. सकाळी आवाज जड असतो, म्हणून संध्याकाळी पुन्हा तपासा. साधारण 12 ते 15 वयाच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांची पट्टी दर दोन महिन्यांनी बघावी लागते, जुन्या पट्टीचा हट्ट धरू नये. क्लासमध्ये सगळ्यांची पट्टी एकच राहणार असेल, तर निदान पाच मिनिटं स्वतःच्या पट्टीत ऐकवायला मागा आणि घरचा रियाज त्याच पट्टीत करा. सा बदलला म्हणून बंदिश, म्हणजे रागात बांधलेली रचना, बदलत नाही.

आता नकलेचं. सुरुवातीला गुरूची नक्कल होणारच, आणि व्हावी. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठून सुटते, सम (तालाची पहिली मात्रा) कशी गाठायची, हे कागदावरून कळत नाही. घोटाळा होतो तो शिष्य गायकीबरोबर गुरूची सर्दीही उचलतो तेव्हा! कुमार गंधर्व लहानपणी नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. पुढे मुंबईत ते बी. आर. देवधरांकडे शिकले, आणि मोठेपणी त्यांचं गाणं कुणाचीच नक्कल राहिलं नाही.

आठवड्यातून एकदा बंदिशीची एकच ओळ मोबाइलवर तीनदा रेकॉर्ड करा. पहिल्यांदा शिकवली तशी. दुसऱ्यांदा शब्द काढून, फक्त आकारात. नाकातला नाद इथेही राहिला तर तो शब्दांमुळे येत नाही, बहुतेक उसना आहे. तिसऱ्यांदा आधी ती ओळ घरात कुणाला सांगावी तशी बोला, आणि त्याच वजनाने गा. गुरूंना ही तिसरी ऐकवा आणि नेमकं विचारा, 'यात कुठे तुमच्यासारखं येतंय?' 'छान' एवढंच उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. चांगला गुरू जागा दाखवतो.

रियाजात शेजाऱ्यांच्या धास्तीने आवाज दाबून तासभर गाण्यापेक्षा 15 मिनिटं मोकळा खरज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, बरा. दाबलेल्या आवाजात हवा निसटते आणि तीच सवय गळ्यात बसते. लोकलमध्ये तर गुणगुणूही नका. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज नकळत चढतो आणि क्लासला पोचेपर्यंत गळा बसलेला असतो. घसा तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर रियाज थांबवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.