सोलापूरहून पोरांना घेऊन एका दिवसाची सहल: कुठल्या महिन्यात कुठं जायचं

सोलापूरच्या आसपास बघायला आहेच काय, असं म्हणणारे आपल्याच गावात जास्त भेटतात. मग सुट्टी आली की एकतर मॉल नाहीतर एकदम महाबळेश्वर, मधलं काहीच नाही. खरं तर शंभर किलोमीटरच्या आत इतकं आहे की वर्षभर दर महिन्याला एक ठिकाण केलं तरी पुरून उरतं, फक्त कुठलं ठिकाण कुठल्या महिन्यात हे आधी ठरवायला लागतं. नळदुर्ग एप्रिलमध्ये केला तर नुसते तापलेले दगड, आणि तोच किल्ला सप्टेंबरात पाणी पडत असताना दाखवला तर पोरं दिवाळीपर्यंत तेच सांगत बसतात. म्हणून आपल्याकडं आधी ऋतू बघायचा आणि मग जागा ठरवायची.

दुसरी गोष्ट, एका दिवसात एकच ठिकाण. आपल्या लोकांना सवय आहे, निघालोच आहोत तर अक्कलकोट करू, तिथून गाणगापूर करू, येताना अजून कुणाच्या तरी घरी चहाला जाऊ. मोठ्यांना चालतं ते, पण दुसरी-तिसरीतल्या पोराला दिवसभरात आठवतं काय तर गाडीची सीट आणि दर्शनाची रांग. एकच जागा घ्या, तिथं दोन-तीन तास निवांत फिरू द्या, दगड उचलू द्या, प्रश्न विचारू द्या आणि संध्याकाळच्या आत घरी या. दुसऱ्या दिवशी शाळा असते हे आपण विसरतो, म्हणून शक्यतो शनिवारी अर्धी शाळा झाल्यावर न जाता रविवारी पहाटे निघून दुपारी तीन-चारपर्यंत परत आलेलं बरं, होमवर्क पण होतो आणि झोप पण.

आता पावसाळा. आपल्याकडचा पाऊस कोकणासारखा नाही, जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा नुसतं ढगाळ असतं आणि खरा जोर बऱ्याचदा सप्टेंबरात येतो. त्यामुळं पावसाळी सहलीची घाई जुलैत करू नका. नळदुर्गसाठी वरचं बोरी धरण भरून वाहायला लागलं का हे तिकडच्या ओळखीच्या माणसाला नाहीतर पेपरात बघून ठरवायचं, कारण ते वाहिलं तरच किल्ल्यातले नर-मादी नावाचे दोन धबधबे पडतात. हैदराबाद रोडनं साधारण पन्नास किलोमीटर, रस्ता चांगला, तासाभरात पोचता.

नळदुर्गबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण पोरांसाठी एवढी चांगली जागा जवळपास दुसरी नाही. मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ नावाचा जोडकिल्ला यांच्या मधून बोरी नदी जाते, तिच्यावर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात म्हणजे 1613 च्या सुमाराला दगडी बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल काढला, तोच पाणीमहाल. म्हणजे वरून नदी चाललीये आणि आपण तिच्या खालच्या खोलीत उभं आहोत, समोरच्या खिडकीतून पाण्याचा पडदा खाली कोसळताना दिसतो, भिंतीला हात लावला तर गार लागते आणि आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलायला लागतं. तिथं पोरांना एकच प्रश्न विचारा, चारशे वर्षं झाली, एवढं पाणी डोक्यावरून जातं तरी आत खोलीत गळत का नाही? उत्तर लगेच देऊ नका. त्यांना भिंतीची जाडी हातानं मोजू द्या, दगड कसे बसवलेत, चुना कुठं दिसतो ते बघू द्या, पाचवीच्या पुढची पोरं स्वतःच बऱ्यापैकी जवळ येतात. मग उपळी बुरुज, पायऱ्या पुष्कळ आहेत आणि उंच आहेत, लहानाचा हात धरूनच चढायचं, वर लांबलचक तोफा आहेत आणि सगळा परिसर दिसतो.

पण एक गोष्ट कडक पाळा. पावसाळ्यात तिथला दगड शेवाळानं गुळगुळीत होतो, त्यामुळं स्लीपर किंवा क्रॉक्स घालून न्यायचं नाही, मागं पट्टा असलेले चांगल्या ग्रिपचे सँडल नाहीतर बूट. पाणी जास्त असेल तर पाणीमहालाकडं सोडत नाहीत, तेव्हा तिथल्या माणसाशी वाद घालू नका, पोरांसमोर तर अजिबात नको. सेल्फीसाठी काठावर कुणीच जायचं नाही, बापानं पण नाही, पोरं आपलं बघूनच करतात.

पावसाळ्यातच येडशीचं रामलिंग पण छान असतं, हिरवंगार जंगल, ओढा, मंदिर, पण माकडं भरपूर, खाऊची पिशवी हातात दिसली की गेलीच समजा. तुळजापूर मात्र नवरात्रात लहान पोरांना घेऊन टाळा आणि कोजागिरीच्या आदल्या एक-दोन दिवसांत तर त्या रस्त्याला गाडी घालूच नका, सगळं सोलापूर चालत निघालेलं असतं. त्याऐवजी पोरं जरा मोठी असतील तर संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून चालणाऱ्यांना पाणी, केळी द्यायला न्या, ती पण सहलच आहे.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत आपला खरा सीझन. ऊन मऊ, हवा कोरडी, आणि रानात ज्वारी उभी. हे चार महिने वाया घालवू नका, कारण मार्च लागला की परीक्षा आणि ऊन दोन्ही एकदम येतात.

अर्ध्या दिवसासाठी हिप्परगा तलाव, म्हणजे एकरूख, तुळजापूर रोडला अगदी जवळ. सकाळी सातच्या आत पोचलात तर बाहेरून आलेली बदकं दिसतात, दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर कुणाची तरी मागून आणा. नान्नजचं माळढोक अभयारण्य बार्शी रोडला वीस-बावीस किलोमीटर. 1979 साली ते अभयारण्य झालं, पण माळढोक आता अगदी मोजके राहिलेत, तेव्हा पोरांना माळढोक दाखवतो म्हणून नेऊ नका, हिरमुसून परत येतात. काळवीट बघायला नेतो म्हणा, ते दिसतातच बहुतेक. नर काळा आणि पिळाच्या शिंगांचा, मादी तपकिरी आणि बिनशिंगाची, एवढं आधी सांगून ठेवलं की गाडीतून पोरं मोजायलाच लागतात, किती नर किती माद्या. आत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते, ते आधी विचारून घ्या. भडक रंगाचे कपडे नकोत, हॉर्न नको, गाणी तर नकोच नको. आणि माळरान म्हणजे पडीक जमीन नाही, त्या गवतावर किती जणांचं पोट आहे हे तिथंच उभं राहून सांगितलं तर पुस्तकात वाचण्यापेक्षा जास्त बसतं डोक्यात.

जानेवारीच्या मध्यापासून हुरडा. आता पैसे घेऊन हुरडा पार्टी देणारी शेतं बरीच झालीत, पण ओळखीचं कुणाचं रान असेल तर तिथंच जा. शहरातल्या पोरांना आगटी कशी करतात, कणसं कशी भाजतात, गरम गरम कणीस हातावर चोळून दाणे कसे काढतात हे करायला द्या, नुसतं ताटात आयतं देऊ नका. हाताला चटका बसतो थोडा, बसू दे. सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही, आणि वरून ढसाढसा पाणी प्यायचं नाही, ताक द्यायचं. शेतकऱ्याला विचारून मगच रानात शिरायचं आणि उभं पीक तुडवायचं नाही हे निघतानाच बजावून ठेवा.

संक्रांतीच्या आसपास गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, असतो तेव्हा गावाबाहेर कशाला जायचं, सात नंदीध्वज आणि अक्षता सोहळा बघायला लोक बाहेरून येतात इथं. फक्त पोराच्या खिशात आपला मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका आणि चुकलं तर कुठं उभं राहायचं ते ठिकाण ठरवून ठेवा.

कुडल संगम, म्हणजे हत्तरसंग कुडल, हे थंडीतलं माझं सगळ्यात आवडतं. भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं, विजापूर रोडनं जाऊन आत वळायचं, साधारण चाळीस किलोमीटर. एसटी मोजकी, त्यामुळं स्वतःची गाडी बरी. तिथल्या हरिहरेश्वर मंदिरात एक शिवलिंग आहे ज्याच्यावर साडेतीनशेच्या वर मुखं कोरलीत, पोरांना मोजायला लावा, आडवं मोजायचं की उभं यावर भांडण होतं आणि त्यातच अर्धा तास जातो. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे, सगळ्यात जुन्या मराठी शिलालेखांपैकी एक. त्यातल्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा की जो हे वाचेल तो विजयी होईल. मान वर करून बघायला लागतं, अक्षरं झिजलेली आहेत, सकाळच्या तिरप्या उजेडात किंवा मोबाईलचा टॉर्च बाजूनं धरला की जास्त नीट दिसतात. हात लावायचा नाही, खडूनं गिरवायचं तर अजिबात नाही. मराठी शाळेतलं पोर असो की इंग्लिश मीडियमचं, हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच भाषेत लिहिलेलं आपल्या जिल्ह्यात आहे हे बघून येणं महत्त्वाचं आहे, मला तरी तसं मनापासून वाटतं. नदीत मात्र उतरू देऊ नका, खोलीचा अंदाज येत नाही.

लांबचं करायचं असेल तर विजापूर, शंभर किलोमीटर, रेल्वेनं पण जाता येतं. गोलघुमटात सकाळी दार उघडतानाच पोचा, कारण नऊ-दहानंतर शाळांच्या ट्रिपा येतात आणि वरच्या गॅलरीत इतका आरडाओरडा होतो की कुजबुज ऐकायला येते कुठून. बाहेरून 44 मीटर व्यासाचा घुमट आणि मधे एकही खांब नाही, 1656 सालचं काम. एकानं भिंतीला तोंड लावून हळू बोलायचं, दुसऱ्यानं बरोबर समोरच्या बाजूला भिंतीला कान लावायचा. आवाज भिंतीच्या गोलाईवरनं सरकत येतो म्हणून तो मधे उभ्या असलेल्याला ऐकू येत नाही आणि पलीकडच्याला येतो, सातवी-आठवीतल्या पोराला हे समजावून सांगा. टाळी एकदाच वाजवून किती वेळा परत येते ते मोजायचं. जिने अरुंद आणि उंच आहेत, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना खाली बागेत बसवा. 15 वर्षांखालच्या पोरांना तिकीट नसतं, आणि समोरचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं, त्यामुळं शुक्रवार टाळा.

भिगवणचे फ्लेमिंगो खूप सुंदर, पण दीडशे किलोमीटर आहे आणि पहाटे चारला निघायला लागतं, पाचवीच्या खालच्या पोरांना नको.

उन्हाळ्यात खरं सांगायचं तर सहल म्हणजे सकाळी साडेसहा ते दहा. पारा बेचाळीसच्या वर जातो आपल्याकडं, दहानंतर पोरांना उघड्यावर ठेवायचंच नाही. अक्कलकोट जवळ आहे, पहाटे निघून दर्शन घेऊन लगेच परत, गुरुवार सोडून. गावातल्या गावात भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव सकाळी करा. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, 1938 ला आपल्या सोलापूरचा तरुण डॉक्टर चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला गेला आणि 1942 ला तिथंच वारला, ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला माहीत पाहिजे आणि बऱ्याच जणांना नसते. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी पण दहा मिनिटं थांबा, 12 जानेवारी 1931 ला इंग्रजांनी त्यांना फाशी का दिली ते सांगा. केगावचं सायन्स सेंटर भर दुपारी पण चालतं.

आता तयारीचं. डब्यात ओलं काही नको, कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, शेंगापोळी, हे दिवसभर टिकतं आणि पोरं हातात धरून खातात. दही-भात उन्हाळ्यात नेऊ नका, आंबतो. पाणी घरून, माणशी दोन लिटर तरी, आणि ओआरएसची दोन पाकिटं. गाडी लागणाऱ्या पोराला निघताना दूध देऊ नका, कोरडी पोळी नाहीतर बिस्किट द्या, पुढं खिडकीशी बसवा, आणि रिकाम्या पिशव्या हाताशी ठेवा. मुलींसाठी टॉयलेटचा विचार आधी करा, कुडल किंवा नान्नजला भरवसा नाही, त्यामुळं हायवेवरच्या चांगल्या पंपावर थांबूनच पुढं जा. वयात आलेली मुलगी असेल तर तिच्या तारखा बघून दिवस ठरवा, तिला न विचारता ठरवू नका.

एसटीनं जाणार असाल तर 5 ते 12 वर्षांच्या पोरांना अर्धं तिकीट, बायकांना पण अर्धं आणि 75 च्या वरच्या आजी-आजोबांना फुकट, म्हणजे आख्खं घर तुळजापूर किंवा अक्कलकोटला गाडीच्या पेट्रोलपेक्षा कमीत जाऊन येतं. बायकांची ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, विजापूरचा हिशोब करताना ते धरा. ओळखपत्र सोबत असू द्या.

आणि प्रत्येक पोराला एक काम द्या. एकानं किलोमीटरचे दगड वाचून अंतर सांगायचं, एकानं खर्च वहीत लिहायचा, लहान्यानं पाण्याच्या बाटल्या मोजायच्या. दादा-ताईला आठवीनंतर घरच्यांबरोबर यायचा कंटाळा येतो, त्यांनाच पुढची जागा निवडू द्या, महिना तेवढा तुम्ही ठरवा.