ओआहाकाचे बाजार: आधी वार ठरवा, मग हॉटेल

दक्षिण मेक्सिकोतलं ओआहाका खाण्यासाठी फिरायचं असेल, तर हॉटेलाच्या आधी वार पक्का करा. गोदाकाठचा बुधवारचा बाजार अंगवळणी पडलेल्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. ओआहाका शहराभोवतालच्या गावांचे वार ठरलेले आहेत: बुधवारी एत्ला, गुरुवारी साआचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. एकच जमणार असेल तर त्लाकोलुला घ्या. अंतर साधारण ३० किलोमीटर; शहरातल्या बेसबॉल स्टेडियमजवळ हमरस्त्यावर बस आणि शेअर टॅक्सी मिळतात. दहाच्या आसपास पोहोचा, उशीर केलात तर बार्बाकोआ संपलेला असतो. खड्ड्यात तासन्‌तास शिजवलेलं हे मटण इथे बहुतेक बोकडाचं असतं, म्हणून बीफ-पोर्क टाळणाऱ्यांना सोयीचं. उलट शहरातल्या ‘२० नोव्हेंबर’ मंडईत धुराने भरलेल्या गल्लीत निखाऱ्यावर मांस भाजून देतात, तिथे विचारूनच बोट दाखवा: तासाहो म्हणजे बीफ, तिखट लावलेली सेसिना म्हणजे पोर्क.

शाकाहारी मंडळींची फसगत मात्र हमखास ठरलेली. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही, कारण डुकराची चरबी तिथे मांसात धरत नाहीत. त्लायुदा ही ताटाएवढी कडक तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी. तिच्यावर आधी असिएन्तो, म्हणजे चरबीचा तळाचा गाळ फासतात, मग काळ्या घेवड्याचं वाटण आणि केसिओ हे दोऱ्यासारखं सुटणारं चीज. हे वाटणही पुष्कळदा चरबीतच परतलेलं असतं. म्हणून ‘सिन असिएन्तो, सिन मान्तेका’ (गाळ नको, डुकराची चरबी नको) असं दोन्ही सांगा, आणि तोर्तिया तव्यावर पडायच्या आधी सांगा.

निर्धास्त चाखावं असं पेय म्हणजे तेहाते. राख घालून शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामेय फळाची भाजलेली बी आणि रोसिता दे काकाओची वाळलेली फुलं एकत्र वाटतात. तो घट्ट गोळा बाई मोठ्या भांड्यात थोडंथोडं गार पाणी घालत हाताने मळते, शेवटी पाणी उंचावरून ओतते. स्निग्धांश वर येतो आणि पांढरा, रवाळ फेस जमतो. फेस भरपूर असलेलं भांडं निवडा. चव त्यातच आहे. पाक वेगळा घालतात, कमी सांगा. पाणी शुद्ध केलेलं आहे ना, हे ‘आग्वा पुरिफिकादा?’ विचारून घ्या.

सुट्टे पेसो जवळ ठेवा. चापुलिनेस, म्हणजे लिंबू-लसूण-मीठ लावून भाजलेले नाकतोडे, मापाने विकतात. चिमूटभर चाखायला देतात. छोटे नाकतोडे कुरकुरीत, मोठ्यांचे पाय टोचतात.

घरी आणायला सगळ्यात चांगली मोले नेग्रोची, म्हणजे मिरची-चॉकलेटच्या काळ्या रश्श्याची, पेस्ट. काळ्या मसाल्यासारखाच तिचा काळेपणा भाजण्यातून येतो: चिल्वाक्ले मिरची, मिरचीच्या बिया आणि तोर्तिया पार काळ्या होईपर्यंत भाजतात, नंतर त्यात चॉकलेट पडतं. पेस्टमध्ये चरबी आहे का, ते विकत घेतानाच विचारा. बियाणं, चीज आणि मांस मात्र बॅगेत भरू नका. परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही.

नाशिकला आल्यावर २५० ग्रॅम पेस्टला एक मोठा चमचा तेल आणि चार टोमॅटोंचा गाळलेला रस घ्या. मंद आचेवर आधी पेस्ट तेलात दोन-तीन मिनिटं परता. आच मोठी केलीत तर साखर व चॉकलेट तळाला लागून कडवटपणा येतो, आणि तो मग काही केल्या जात नाही. टोमॅटोचा रस घालून तेल सुटू द्या. मग भाज्या उकळलेलं दोन ते तीन कप गरम पाणी थोडंथोडं मिसळा, नाहीतर गुठळ्या होतात. वीस मिनिटं ढवळत उकळा. पळीला चिकटून राहील इतपत दाट हवं. मीठ शेवटी, कारण पेस्टमध्ये ते आधीच असतं. सोबत साधा भात पुरे.