ग्लुटाथिओनची सलाईन आणि सर्मोरेलिनचे इंजेक्शन: तुलना कशी करावी

अमेरिकेतील अनेक वेलनेस क्लिनिकांच्या दरपत्रकांत ग्लुटाथिओनची सलाईन आणि सर्मोरेलिनचे इंजेक्शन ‘वय रोखणारे उपचार’ अशा एकाच मथळ्याखाली येतात, आणि तुलना तिथेच फसते. दर विचारण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारावे, की माझ्या शरीरात कशाची कमतरता आढळली आहे आणि उपचारानंतर काय मोजले जाणार आहे.

ग्लुटाथिओन हा तीन अमिनो आम्लांचा रेणू (काटेकोरपणे पाहिले तर तोही पेप्टाइडच, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) आपल्या पेशी, विशेषतः यकृताच्या पेशी, रोज तयार करत असतात. शिरेतून दिल्यावर रक्तातील त्याची पातळी चढते खरी, पण काही मिनिटांतच उतरू लागते. सर्मोरेलिनचे तसे नाही. एकोणतीस अमिनो आम्लांची ही साखळी स्वतः कोणतीही उणीव भरून काढत नाही. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला ग्रोथ हार्मोन (वाढीचे संप्रेरक) सोडण्याचा इशारा देते, त्यामुळे ग्रंथीच निकामी असेल तर इशारा वाया जातो.

या फरकामुळे सर्मोरेलिनच्या बाबतीत आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या परिणामाने शरीरात तयार होणारे द्रव्य) ही रक्ततपासणी आधी आणि नंतर करून वयानुसारच्या मर्यादेशी ताडून पाहता येते. सलाईननंतर मात्र बहुतेक वेळा ‘ताजेतवाने वाटले’ एवढाच पुरावा हाती उरतो, आणि तसे नुसत्या मिठाच्या पाण्यानेही वाटू शकते.

मान्यतेचा इतिहासही पाहावा. सर्मोरेलिनला १९९७ मध्ये एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची) मान्यता मिळाली ती ग्रोथ हार्मोनची कमतरता असलेल्या मुलांसाठी, आणि २००८ मध्ये ते उत्पादन बाजारातून गेले. त्याच कुळातील टेसामोरेलिनला २०१० मध्ये मिळालेली मान्यता एचआयव्हीग्रस्तांच्या पोटावरील चरबीपुरती आहे. पुण्या-मुंबईत गोरेपणासाठी विकली जाणारी ग्लुटाथिओनची इंजेक्शने त्वचा उजळण्यासाठी एफडीएने मान्य केलेली नाहीत.

कुपी मात्र हातात घेऊनच पाहावी. कंपाउंडिंग फार्मसीत (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार औषध स्वतः मिसळून तयार करणाऱ्या औषधालयात) बनवलेल्या औषधाची सुरक्षितता आणि परिणामकारकता एफडीएने तपासलेली नसते, म्हणून लेबलावर औषधाचे प्रमाण, बॅच क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि साठवणुकीचे तापमान स्पष्ट असायला हवे. २०१९ मध्ये एफडीएने इशारा दिला, तो अशाच फार्मसीतील ग्लुटाथिओनच्या इंजेक्शननंतर रुग्णांना मळमळ, उलट्या आणि भोवळ आल्यामुळे; त्यासाठी वापरलेल्या भुकटीत जिवाणूजन्य विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, प्रमाणाबाहेर होते आणि ती भुकटी मुळात इंजेक्शनसाठी नव्हतीच. म्हणून त्या बॅचचा निर्जंतुकपणाचा आणि एंडोटॉक्सिनचा अहवाल मागावा, आणि देण्यास टाळाटाळ झाली तर तिथून उठावे. ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेली पेप्टाइडची कुपी, कितीही स्वस्त मिळाली तरी, टोचून घेऊ नये.

जोखीम दोन्हीकडे आहे, पण वेगवेगळी. सलाईनमध्ये जीवनसत्त्व क मोठ्या प्रमाणात मिसळले जाणार असेल, तर जी६पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एका विकराची) तपासणी आधी करून घ्यावी आणि मूतखड्याचा त्रास असल्यास तो न लपवता सांगावा. सर्मोरेलिनसारख्या पेप्टाइडमुळे अंगावर सूज येणे, सांधे दुखणे, हाताला मुंग्या येणे किंवा रक्तातील साखर वाढणे शक्य असते. सक्रिय कर्करोग असलेल्यांनी ते घेऊच नये आणि मधुमेहींनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज सुरू करू नये. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना सर्मोरेलिन आणि टेसामोरेलिन वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांनुसार निषिद्ध आहेत.

दहा सलाईनींचे पॅकेज किंवा सहा महिन्यांची इंजेक्शने आगाऊ पैसे भरून घेऊ नयेत. कोणत्या तारखेला कोणती तपासणी होईल आणि कोणता आकडा आला तर उपचार थांबवला जाईल, हे पहिल्या भेटीतच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.