वजन कमी करताना काट्यावरचा आकडा डोक्यात जाऊ द्यायचा नसेल तर

डाएट सुरू केलं की पहिले काही दिवस मस्त जातात आणि मग एक सकाळ अशी येते की आदल्या दिवशी सगळं नीट खाल्लेलं असतं, चालणं झालेलं असतं आणि काटा चक्क आठशे ग्रॅम वर दाखवतो. झालं, तिथून दिवस नासला. कपाटातून काढलेला ड्रेस परत आत जातो आणि तो नेहमीचा ढगळा कुर्ता बाहेर येतो, ऑफिसात कोणी फोटो काढायला लागलं की आपण मागे सरकतो आणि डोक्यात एकच चालू, आपल्याच्याने हे होणार नाही. शरीर कालचंच असतं, कालचेच कपडे कालसारखेच बसत असतात, पण आरशात आपण जास्त जाड दिसायला लागतो, फक्त एका आकड्यामुळे.

हे मी खूप जणांत बघितलंय, बायकांत जास्त, पण पुरुषांतही आहेच, ते बोलून दाखवत नाहीत इतकंच. तरी काटा फेकून द्या असं मी सांगणार नाही. अमेरिकेत १९९४ पासून नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री चालू आहे, म्हणजे ज्यांनी बरंच वजन उतरवलं आणि ते टिकवलं अशा लोकांची नोंद, त्यातले बहुतेक जण आठवड्यातून निदान एकदा तरी वजन करतात. म्हणजे काटा कामाचा आहे. पण तो कधी बघायचा, कसा लिहून ठेवायचा आणि बघितल्यानंतर काय करायचं हे आकडा दिसायच्या आधी ठरलेलं पाहिजे, कारण आकडा दिसल्यावर आपण जे ठरवतो ते रागात नाहीतर आनंदात ठरवतो आणि दोन्ही वेळा गडबड होते.

आधी त्या आकड्यात काय काय असतं ते बघू. चरबी असते, पण त्याबरोबर पाणी, पोटातलं न पचलेलं जेवण, न झालेली शी, स्नायू, हाडं, सगळं एकत्र. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आता एका रात्रीत एक किलो चरबी चढायची तर रोजच्या गरजेपेक्षा ७७०० कॅलरी जास्त खायला लागतील, आणि बहुतेक बायकांचं अख्ख्या दिवसाचं खाणं दोन हजारांच्या आसपास असतं, म्हणजे लग्नाच्या पंगतीत जेवून आलात तरी ते होणं अवघड आहे. मग सकाळी वाढलेला तो किलो आला कुठून, तर तो बहुतेक पाण्याचा. काल लोणचं, पापड, पाणीपुरी, शेव असं खारट पडलं की मीठ पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस अंगात पाणी साठतं, काहींचं एक-दोन किलोपर्यंत जातं. जिममध्ये नवीन व्यायाम सुरू केला आणि पाय दुखतायत, तरी स्नायूत पाणी थांबतं. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पोट साफ झालं नाही, की आलाच आकडा वर.

उलटंही तितकंच खरं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. भात-पोळी बंद केली की पहिल्याच आठवड्यात दोन-अडीच किलो उतरतात आणि माणूस हवेत जातो, स्टेटसला टाकतो, सगळ्यांना सांगतो. होतं काय, तर शरीरात साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, तो साठा कमी झाला की ते पाणीही निघून जातं. त्यात चरबी थोडीच असते. मग तिसऱ्या आठवड्यात आकडा अडकतो आणि जो माणूस पहिल्या आठवड्यात स्वतःला हुशार समजत होता तोच आता स्वतःला आळशी, बिनकामाचा समजायला लागतो. खाणं तेच, मेहनत तीच. म्हणून मी तर म्हणते, आकडा उतरला की फार नाचायचं नाही, कारण आज त्याच्यावर खूष झालात की उद्या त्याच्यावर रडणं आलंच.

आता वजन करायचं कसं. सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. काटा फरशीवर ठेवायचा, चटईवर किंवा गालिच्यावर नाही. एकच काटा वापरायचा, आज घरचा, उद्या जिमचा, परवा डॉक्टरांच्या इथला असं केलं तर तुलनाच होत नाही. संध्याकाळी जेवल्यावर, बूट घालून केलेलं वजन मोजायचंच नाही. ते पायातून करंट जाऊन फॅट टक्के दाखवणारे काटे असतात ना, त्यांचा टक्का अंगात पाणी किती आहे त्यावर हलतो, तो रोज बघण्यात काही अर्थ नाही, महिन्यातून एकदा बघा हवं तर.

रोज करायचं की आठवड्याला, हे ज्याने त्याने ठरवायचं आणि त्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारायचा, की आकडा बघून आज मी काय खाणार, काय घालणार, कुठे जाणार हे बदलतं का. बदलत नसेल तर खुशाल रोज करा, पण मग एकेका दिवसाचा आकडा सोडून द्यायचा आणि सात दिवसांची सरासरी काढायची, या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी लावायची, बास. बदलत असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, आणि तो सोमवार नको, रविवारी बाहेर जेवण झालेलं असतं. ज्यांना दर महिन्याला पाळी येते त्यांनी मागच्या आठवड्याशी नाही तर मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी तुलना करायची, मी हे सांगितल्यावर कितीतरी जणींचं निम्मं टेन्शन गेलंय.

आणि आकडा एकटा लिहायचा नाही. शेजारी आदल्या दिवसाचं दोन शब्दांत लिहायचं. ६८.४, काल हॉटेल. ६८.९, पाळी जवळ. ६८.७, झोप चारच तास. महिनाभर असं लिहिलं की आपल्या शरीराची चाल आपल्यालाच कळायला लागते, मग ६८.९ दिसलं तरी छातीत धस्स होत नाही.

माझ्या मावसबहिणीचं सांगते. तिने चांगलं सहा-सात किलो वजन उतरवलं होतं. एक दिवस सकाळी काटा सहाशे ग्रॅम वर, आदल्या रात्री भेळ झालेली. तिने काय केलं तर भरलेला डबा उघडला, दोन पोळ्यांतली एक काढून ठेवली आणि उसळ अर्धी केली. दुपारी डबा पाच मिनिटांत संपला, चार वाजता पोटात कावळे, ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता, केक आणि समोसे, तिने दोन समोसे खाल्ले आणि घरी येऊन म्हणाली, माझ्यात कंट्रोलच नाहीये. कंट्रोलचा काय संबंध, सकाळी काढलेली ती पोळी संध्याकाळी समोसा होऊन आली. म्हणून नियम असा की वजन केल्यावर त्या दिवशीच्या जेवणात बदल करायचा नाही, वरही नाही खालीही नाही. डबा वजनाच्या आधी भरून ठेवायचा आणि कपडेही आदल्या रात्रीच काढून ठेवायचे, म्हणजे सकाळच्या आकड्याला त्यात हात घालता येत नाही.

दुसरं म्हणजे काट्याच्या जोडीला दुसरी मापं पाहिजेत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. उंचीच्या हिशोबाने वजन तेच पण शरीर वेगळं, आपल्याकडे हाडापेराने बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही चरबी जास्त असू शकते. म्हणजे साठ किलो आहे म्हणून निर्धास्त राहू नका आणि पंचाहत्तर आहे म्हणून स्वतःला मोडीत काढू नका. आपल्या लोकांसाठी कमरेचं माप बायकांचं ८० आणि पुरुषांचं ९० सेंटिमीटरच्या आत असावं असं धरतात. ते बेंबीवर टेप लावून मोजायचं नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही आणि मोजायचं. महिन्यातून एकदा पुरे.

साडी नेसणाऱ्यांकडे तर घरातच माप आहे. ब्लाउज उलटा करून बघा, बाजूला दोन-तीन टिपा असतात, टेलरने नंतर उसवता याव्या म्हणून सोडलेल्या. बाहेरच्या टिपेवरचा ब्लाउज आता ढगळ होतोय, आतली टीप मारून घ्यावी लागतेय, तर काटा काहीही म्हणू दे, काम चालू आहे. पुरुषांनी पट्ट्याचं भोक बघावं. वजन उचलायचा व्यायाम करत असाल तर असं हमखास होतं की आकडा महिनाभर तिथेच आणि कपडे सैल.

आता आरसा. वजन उतरलं तरी डोक्यातलं आपलं जुनं चित्र लगेच बदलत नाही, दहा किलो गेलेली बाई दुकानात अजून डबल एक्सएलच मागते आणि दोन माणसांच्या मधून जाताना अजून आडवी होते. हे नॉर्मल आहे, त्याला वेळ द्यायचा. महिन्यातून एकदा, त्याच भिंतीसमोर, त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवा, रोज सेल्फी बघून काही कळत नाही. आणि एक कळकळीचं सांगणं, आजच्या मापाचे दोन-तीन बरे कपडे आजच घ्या. बारीक झाल्यावर घेईन, बारीक झाल्यावर फोटो काढेन, बारीक झाल्यावर पोहायला जाईन, असं करत वर्षं जातात आणि आपण रोज घट्ट कपड्यांत काचत बसतो, त्यात स्वतःबद्दल चांगलं वाटणार कसं.

लोकांचं काय करायचं हा मोठा विषय आहे. हळदीकुंकवाला गेलं की वाणाच्या आधी वजनावर शेरा, किती सुटलीस गं, आणि उतरवलं तर आजारी होतीस का, चेहरा बघ कसा उतरलाय. आधी रेल्वे स्टेशनवर लाइट लागलेली वजनाची मशिनं असायची, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट यायचं, त्यावर वजन आणि सोबत भविष्याची एखादी ओळ. आपण घरच्या काट्यातूनही नकळत तेच काढतो, आकडा आणि त्याबरोबर आपण कसे आहोत याचं भविष्य, आणि नातेवाईक त्यात आपली ओळ जोडतात. तर शेऱ्यांना एक ठरलेलं उत्तर ठेवा, "हो काकू, तब्येत छान आहे, तुमचे गुडघे काय म्हणतायत?" आणि विषय बदला. किती किलो कमी झालं हा आकडा कुणालाच सांगायचा नाही असंही ठरवता येतं, मला हे सगळ्यात सोपं वाटतं. ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी काट्याचा फोटो टाकायला लावतात तिथून बाहेर पडा, पैसे भरले असले तरी.

टार्गेट ठरवतानाही बघा की तो आकडा आला कुठून. लग्नातलं वजन, कॉलेजमधलं वजन, मैत्रिणीचं वजन, याला काही आधार नसतो. आत्ता जे वजन आहे त्याच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी साखर, बीपी याच्यावर फरक दिसतो, म्हणजे ८० किलोच्या माणसाला चार ते आठ किलो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा बरा वेग आहे. आणि आकड्याशिवाय एक टार्गेट घ्या, स्टेशनचा पूल न थांबता चढणं, मांडी घालून जेवून हाताचा आधार न घेता उठणं. ते जमलं की जो आनंद होतो तो पाण्यामिठाने मागे-पुढे होत नाही.

काही गोष्टी मात्र घरी सोडवायच्या नाहीत. दिवसातून चार-पाच वेळा काट्यावर चढणं, वजन करायच्या आधी पाणी न पिणं, जेवल्यावर ओकून काढणं, जुलाबाच्या गोळ्या, पाळी बंद होणं, कुणासमोर जेवायला नको वाटणं, यातलं काही चालू असेल तर काटा आजच कुणाकडे तरी देऊन टाका आणि डॉक्टरांशी बोला, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं. दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वाढलं आणि पाय सुजलेत, धाप लागतेय, तर ते डाएटचं नाही, लगेच दाखवा. काही न करता वजन उतरत असेल तर खूष होऊ नका, शुगर, थायरॉइड, टीबी असं काहीही असू शकतं, तपासून घ्या.

घरात दहा-बारा वर्षांची मुलगी असेल तर काटा बाथरूमच्या दारात ठेवायचा नाही, कपाटात ठेवायचा आणि आपल्या वारी काढायचा. तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला, दंडाला नावं ठेवायची नाहीत, ती सगळं ऐकत असते. शाळेच्या तपासणीत तिचं वजन आलं तर ते घरच्या ग्रुपवर टाकायचं नाही, काही शंका असेल तर तिला बाजूला न बसवता, तिच्यासमोरच, सरळ भाषेत डॉक्टरांना विचारायचं.