काम सांगताना या चुका टाळा, नाहीतर ते परत तुमच्याच टेबलावर येणार

"त्यापेक्षा मीच केलं असतं तर लवकर झालं असतं" हे ज्याच्या हाताखाली चार माणसं आहेत तो प्रत्येक जण कधी ना कधी बोलतोच आणि खापर फुटतं काम करणाऱ्यावर. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा घोळ काम सांगतानाच झालेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपल्याला माहीत आहे ते समोरच्यालाही माहीत असणार असं धरून चालणं. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक प्रयोग केला होता, एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील, ओळखली गेली १२० पैकी फक्त ३! कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं आणि ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते.

आता हा मेसेज बघा: "जरा ती यादी बघून घे आणि लवकर पाठव." कोणती यादी? बघून घे म्हणजे वाचायची, तपासायची की दुरुस्त करायची? लवकर म्हणजे आज का या आठवड्यात, आणि पाठवायची कोणाला? समोरचा बिचारा अंदाजाने काहीतरी करतो आणि मग आपण चिडतो.

हाच मेसेज असा लिहा: "काल पाठवलेली ग्राहकांची एक्सेल फाईल उघड, फक्त फोन नंबरचा कॉलम तपास, जिथे नंबर अर्धवट किंवा रिकामा आहे ती ओळ पिवळी कर, काहीही डिलीट करू नकोस. गुरुवारी दुपारी ४ पर्यंत फाईल मला मेल कर. शुक्रवारी याच नंबरांवर मेसेज जाणार आहेत." लिहायला दोन मिनिटं जास्त लागतील, लागू देत. आणि ते शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका, कारण काम कशासाठी चाललंय हे कळलं की एकच नंबर दोनदा आलाय हे तो माणूस आपणहून सांगतो, नाहीतर "मला फक्त अर्धवट नंबर बघायला सांगितले होते" असं म्हणून गप्प बसतो, आणि त्यात त्याचं काही चुकत पण नाही.

आपल्याला दिसतं ते समोरच्याला दिसत नसेल तर काय होतं याचं भयंकर उदाहरण क्रिमियाच्या युद्धातलं आहे. २५ ऑक्टोबर १८५४, बालाक्लावा. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर होता, शत्रू तोफा ओढून नेतोय असं त्याला तिथून वाटलं, म्हणून त्याने खाली हुकूम पाठवला की घोडदळाने पुढे जाऊन शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. पण कोणत्या तोफा? खाली दरीत घोडदळाचा प्रमुख असलेल्या लॉर्ड लूकनला त्या दिसतच नव्हत्या, त्याने विचारलं तर हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने नुसता हात करून दाखवला. शेवटी साधारण ६७० घोडेस्वार भलत्याच तोफखान्यावर चालून गेले आणि शंभरावर माणसं मेली.

दुसरी चूक, "समजलं ना?" असं विचारणं. याला उत्तर "हो"च येतं, विशेषतः नवीन माणसाकडून, कारण नाही म्हणायला कोणालाही संकोच वाटतो. वैमानिक उंची किंवा धावपट्टीची सूचना मिळाल्यावर नुसतं ओके म्हणत नाहीत, तीच सूचना परत बोलून दाखवतात आणि चुकलं तर जमिनीवरून सूचना देणारा कंट्रोलर तिथेच सुधारतो. आपणही "सुरुवात कुठून करशील?" असं विचारावं, गैरसमज असेल तर पहिल्या दोन वाक्यात बाहेर पडतो.

"तुम्ही दोघं मिळून बघा" हे तर टाळाच, दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय. एकाचं नाव घ्या, दुसरा मदतीला.

उलट टोकाला जाऊन प्रत्येक क्लिक सांगत बसू नका. अनुभवी माणसाला शेवटी काय हवंय, कधी हवंय आणि कोणता निर्णय न विचारता घ्यायचा नाही एवढं पुरतं.

आणि एवढं करूनही अडलं तर? तोच माणूस सारखा विचारायला येत असेल तर त्याचे प्रश्न लिहून ठेवा, त्यांची उत्तरं पुढच्या वेळी आधीच सांगायची. अजिबात विचारत नसेल तर जास्त काळजी करा, मोठ्या कामात पहिल्या दहा ओळी झाल्या की दाखव असं आधीच ठरवून घ्या. काम चुकून आलं तर आधी स्वतःचा मेसेज परत वाचा, त्यात ती गोष्ट लिहिलीच नसेल तर तसं कबूल करा. आणि "नीट कर" म्हणून फाईल परत पाठवू नका, कोणत्या ओळी बरोबर आहेत, कोणत्या बदलायच्या आणि कधीपर्यंत ते लिहून पाठवा.