कुबरनेटिस शिकताना क्लाउडची बाजू सोडू नका

ऐरोलीतील आमच्या कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना कुबरनेटिस या, कंटेनर (ॲप्लिकेशनची सुटी पॅकेजेस) अनेक मशीनवर चालवणाऱ्या प्रणालीतले पॉड (एकत्र चालणारे कंटेनर) आणि डिप्लॉयमेंट (पॉडच्या ठरलेल्या प्रती चालू ठेवणारी व्याख्या) चांगले येतात. त्यांचे अडते ते सर्व्हिसचा (पॉडपर्यंत पोहोचण्याच्या स्थिर पत्त्याचा) प्रकार ‘लोडबॅलन्सर’ (बाहेरून येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा) लिहूनही बाह्य आयपीच्या रकान्यातले ‘पेंडिंग’ हटत नाही तेव्हा. लॅपटॉपवरच्या साध्या क्लस्टरमध्ये (कुबरनेटिस चालवणाऱ्या मशीनच्या समूहात) ते हटणारही नाही, कारण लोड बॅलन्सर कुबरनेटिस स्वतः बनवत नाही. क्लाउडवर क्लाउड कंट्रोलर मॅनेजर हा घटक पुरवठादाराच्या एपीआयला (प्रोग्रामकडून विनंत्या घेणाऱ्या दाराला) विनंती पाठवून तो उभा करून घेतो. ॲमेझॉन, गूगल, अ‍ॅझ्युअर यांच्याशी बोलणारा कोड पूर्वी कुबरनेटिसच्या गाभ्यातच होता. तो टप्प्याटप्प्याने बाहेर काढला गेला आणि २०२४ मधील १.३१ आवृत्तीत हे काम पूर्ण झाले, त्यामुळे जुने ट्युटोरियल उघडले की आधी त्याची आवृत्ती पाहावी.

क्लाउड कंट्रोलर मॅनेजर हाच घटक नव्या नोडचीही (क्लस्टरमधल्या मशीनचीही) नोंद पूर्ण करतो. बाह्य पुरवठादाराच्या सेटिंगसह सुरू झालेल्या नोडवर ‘अनइनिशियलाइज्ड’ असा टेंट (पॉडला दूर ठेवणारी खूण) असतो; मशीनचा प्रकार, झोन (रीजनमधला स्वतंत्र डेटा सेंटरचा भाग) आणि पत्ते एपीआयकडून घेतल्यावरच तो काढला जातो. क्लाउडच्या खात्यात आवश्यक परवानगी दिलेली नसेल, तर नोड ‘रेडी’ दिसतो आणि तरीही त्यावर साधे पॉड येत नाहीत. अशा वेळी यामल (सेटिंग लिहिलेली फाइल) पुन्हापुन्हा तपासण्यात अर्थ नसतो. ‘डिस्क्राइब’ कमांडने टेंट पाहावा आणि त्या मॅनेजरचे लॉग वाचावेत.

डिस्कचा भाग सीएसआय ड्रायव्हर (कुबरनेटिसला स्टोरेजशी जोडणारा प्रोग्राम) सांभाळतो, आणि मुलाखतीत मी सर्वाधिक प्रश्न इथेच विचारतो. ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये तीन झोन आहेत, पण ईबीएस या तिच्या डिस्क-सेवेची डिस्क एकाच झोनची असते. म्हणून पॉड दुसऱ्या झोनमध्ये गेला, तर ती त्याला जोडता येत नाही. हे टाळण्यासाठी स्टोरेजक्लासमध्ये (डिस्क कशी बनवायची हे सांगणाऱ्या व्याख्येत) ‘वेटफॉरफर्स्टकन्झ्युमर’ ठेवतात, ज्यामुळे पॉड कुठे बसणार हे ठरल्यावरच डिस्क तयार होते. तोवर पीव्हीसी (डिस्कसाठीची मागणी) ‘पेंडिंग’ दिसते आणि तो दोष नव्हे, हे ओळखणारा उमेदवार मला प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा अधिक पटतो. (ठाणे स्टेशनबाहेर वाटल्या जाणाऱ्या क्लासच्या पत्रकांवर यातले काहीच नसते.)

सराव स्वतःच्या खात्यावर करणार असाल, तर क्लस्टर काढण्यापूर्वी लोडबॅलन्सर सर्व्हिस आणि पीव्हीसी आधी काढा व त्या खरोखर जाईपर्यंत थांबा. नाहीतर त्यांच्यामागचे लोड बॅलन्सर आणि डिस्क खात्यात राहून त्यांचे बिल चालू राहू शकते. डिस्कबाबतचे धोरण ‘रिटेन’ (राखून ठेवा) असेल, तर पीव्हीसी काढूनही डिस्क उरते आणि ती कन्सोलमध्ये जाऊन हातानेच काढावी लागते.