कारागिरांची ऑनलाइन बाजारपेठ आणि तिच्यातून मदतकार्य : नाशिकमध्ये सुरुवात कशी करावी

कारागिरांच्या वस्तू ऑनलाइन विकून त्याच व्यवहारातून संकटग्रस्तांना मदत पोहोचवायची असेल, तर मदतीची रक्कम कारागिराच्या मजुरीतून कापली जाणार नाही, हे आधी ठरवावे आणि करारात लिहावे. येवल्याच्या विणकराने पैठणीचा भाव १२,००० रुपये सांगितला आणि आपण ती १४,००० रुपयांना विकली, तर विणकराचे १२,००० रुपये त्याला पूर्ण मिळाले पाहिजेत. उरलेल्या रकमेतून पॅकिंग व कुरिअरचा खर्च वजा जाता मदतनिधीत किती जाते, ते ग्राहकाच्या बिलावर स्पष्ट दाखवावे.

केवळ दयेपोटी घेतलेली वस्तू ग्राहक पुन्हा घेत नाही, म्हणून वस्तूची माहिती देताना हयगय करू नये. पैठणीच्या पदराच्या उलट बाजूचा जवळून काढलेला फोटो अवश्य टाकावा, कारण हातमागावर रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्यांनी विणलेला मोर मागूनही जवळपास तसाच दिसतो आणि जाणकार ग्राहक आधी तेच पाहतो. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई आहे की नाही, हेही लिहावे. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवू नये, हे नव्या पिढीतील अनेकांना ठाऊक नसते.

अशी बाजारपेठ चालवणाऱ्याला जीएसटी नोंदणी करावी लागते. छोट्या कारागिरांना मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेत, राज्यातल्या राज्यात, नोंदणीशिवायही अशा मंचावरून माल विकता येतो. त्यासाठी पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी पुरते. परदेशी ग्राहकाने वस्तूची किंमत दिली, तर ती विक्री ठरते, पण त्याने वर वेगळी देणगी दिल्यास परदेशी देणग्यांचा कायदा लागू होतो. त्या कायद्याखालील नोंदणी नसेल, तर परदेशी नागरिकांसाठी देणगीचे बटण ठेवूच नये.

मदतनिधीचे बँक खाते पहिल्या दिवसापासून वेगळे असावे. मदत कशी द्यावी, हा खरा कसोटीचा भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराचे पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरले होते. अशा वेळी ज्या कारागिराची हत्यारे किंवा कच्चा माल भिजला असेल, त्याला धान्याच्या पिशवीइतकीच आगाऊ रकमेसह दिलेल्या नव्या ऑर्डरची गरज असते. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, त्यामुळे तेथे जुने कपडे नेऊन टाकण्याऐवजी पाणी आणणाऱ्या महिलांना आणि ग्रामपंचायतीला विचारूनच साठवणुकीची पिंपे घ्यावीत, की टँकरचा खर्च उचलावा, याचा निर्णय करावा.

वाटप झाल्यावर खरेदीची बिले आणि गावनिहाय तपशील ग्राहकांना पाठवावा. मदत घेणाऱ्यांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय काढू नयेत, आणि फोटो दिला तरच मदत मिळेल, अशी अट कोणत्याही स्वयंसेवकाला घालू देऊ नये.